शुक्रवारचे उंदीर

गुरुपादप्पा सरांनी मला ओळखलं नाही, हे फार बरं झालं. हजारो पोरं शिकवलेल्या माणसाला एका पोराची बहीण काय आठवणार? मला मात्र त्यांचा बूटसुद्धा आठवत होता.

भूकंपात औशाचं आमचं घर पडलं आणि धाकट्या भावाच्या, यासेरच्या डोक्याला मार बसला. तेव्हापासून त्याला फिट येते. तरी बारावीला अब्बांनी त्याला लातुरात सरांच्या क्लासला घातलं. एकदा भर वर्गात फिट आली. सर औषधशास्त्र शिकलेले, एम.फार्म. झालेले. त्यांनी पायातला बूट काढून त्याच्या नाकाला लावला. दोनशे पोरं हसली. संध्याकाळी मी आणि अब्बा त्याला आणायला गेलो, तर सर म्हणाले, "घेऊन जा याला. बाकीच्यांचं ध्यान उडून राहिलंय." यासेरनं पुन्हा पुस्तक उघडलं नाही. आता तो पंक्चर काढतो.

मी नांदेडच्या एका फार्मसी कॉलेजात उंदीरघर सांभाळते. त्या बुटानंतर पाच वर्षांनी सर तिथंच पीएच.डी.ला आले. क्लासच्या बोर्डावर नावाआधी 'डॉ.' हवं होतं, दुसरं काही नाही. विषय होता, रक्तदाबाची एक जुनी गोळी फिट थांबवते का. उंदराच्या कानाला चिमटे लावून विजेचा झटका द्यायचा आणि मागचे पाय किती सेकंद ताठ राहतात ते मोजायचं. पहिले बारा उंदीर मीच केले. गोळी दिलेल्या सहापैकी पाचांचे पाय ताठलेच नाहीत. घरी यासेरला सांगितलं, तर म्हणाला, "मंग लवकर कर ना, आपा."

पण सरांना धीर कुठला? उरलेले आकडे त्यांनी लातुरात बसून भरले. शुक्रवारी त्यांचा क्लास बंद, म्हणून तारखा सगळ्या शुक्रवारच्या. त्या वर्षी नांदेडला आमच्या भागात शुक्रवारी दिवसभर लाईट नसायची, आणि जनरेटरची तार उंदीरघरापर्यंत कधी आलीच नाही. लातूरच्या माणसाला हे कुठून माहीत असणार? मी एक शब्द बोलले असते तर चूक सुधारली असती. मी डूख धरला होता. आठ महिने त्यांना हसून चहा दिला आणि भारनियमनाची कात्रणं जपून ठेवली.

शेवटच्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. सरांनी पेढ्यांचे खोके आणले होते. कुणाला काही विचारायचंय का, म्हटल्यावर मी मागून उठले आणि कात्रणं टेबलावर ठेवली.

"सर, शुक्रवारी लाईट न्हवती. झटका कशानं दिला? बूट हुंगवला का?"

तेव्हा त्यांनी मला ओळखलं. त्यांचा चेहरा असा पडला की माझं काळीज थंड झालं. पीएच.डी. गेली, बदनामीला भिऊन कॉलेजनं विषयच बंद केला.

त्यांच्याच खोक्यातला पेढा मी यासेरला नेऊन दिला. सगळं रंगवून सांगितलं. तो हसला.

"अन् गोळी?"

"ती फाईल बंद झाली."

"तुझे उंदीर तर खरे होते ना?"

"हाव."

"मंग आठ महिने आधी का न्हाई बोललीस? खरे आकडे काढले असते की कुणीतरी."

आधी बोलले असते तर सर सुटले असते, एवढंच उत्तर माझ्याकडे होतं. यासेरनं अर्धा पेढा कागदात गुंडाळून ठेवला आणि संध्याकाळची फिटची नेहमीची गोळी घ्यायला पाणी मागितलं.