शेगडीच्या पूजेआधी

मित्रांनो, मी एक जुना टेस्टर आहे. पोटात चिमुकला दिवा असलेला साधा पेचकस. तारेत करंट असला की माझा दिवा पेटतो. बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याला राहणाऱ्या कौतिकभाऊ वायरमनच्या खिशात मी पंचवीस वर्षं आहे. ‘बंद आहे हो’ म्हणून सांगितलेल्या इतक्या तारा मी चालू पकडल्या, की आता कुणाच्या शब्दावर माझा विश्वास बसत नाही. हल्ली नवे, बीप-बीप करणारे टेस्टर आलेत. त्यांच्यावर तर मुळीच नाही.

मागच्या महिन्यात इतवाऱ्यातल्या वैजयंतीताईंनी विजेची मोठी शेगडी घेतली. वर चार चकत्या, खाली ओव्हन. त्यांना केक करून विकायचे होते. त्यांचे यजमान योगेंद्र यांनी ती स्वतःच जोडली आणि भाऊंना नुसतं ‘एकदा नजर मारा’ म्हणून बोलावलं. मला तिथेच शंका आली.

शेगडी चालू होती. फरशी नुकतीच पुसलेली, ओली. ताईंच्या सासूबाई धुरपदाबाई अनवाणी उभ्या होत्या, पाण्यात कालवलेल्या कुंकवात बोट बुडवून. शेगडीवर स्वस्तिक काढायचं होतं.

“मावशी, दोन मिनिट रुका,” भाऊ म्हणाले. लाकडी पाटावर उभं राहून त्यांनी मला शेगडीच्या पत्र्याला टेकवलं.

माझा दिवा पेटला नाही.

“बघा! सब ठीक है,” योगेंद्र म्हणाले. “अर्थिंग नळाला दिलंय, वडिलांच्या वेळचं.”

“मग काढू का रे भाऊ?” मावशींचं बोट पुढे आलं.

“नका! हा टेस्टर पण खोटं बोलू शकतो.”

मित्रांनो, मला फार राग आला. पंचवीस वर्षं इमानानं काम केलं आणि संशय माझ्यावर? पण भाऊ पाटावरून खाली उतरले, ओंजळीनं माझ्यावर अंधार केला आणि मला पुन्हा टेकवलं. आता पोटात नारिंगी उजेड स्पष्ट दिसला. मघाशीही मी पेटलो असेन. पण माझा दिवा मला धरणाऱ्याच्या अंगातून जमिनीत जाणाऱ्या थेंबभर करंटवर पेटतो. लाकडी पाटानं ती वाट अडवली होती, म्हणून उजेड इतका मंद होता, की खिडकीच्या उन्हात कुणाला दिसलाच नाही. माझा राग गेला आणि मला भीती वाटली.

भाऊंनी मेन स्विच बंद केला आणि अर्थिंगची हिरवी तार हातात धरून तिच्या मागे गेले. ती लोखंडी नळालाच बांधलेली होती. पण नळाखालचा पाइप गेल्या दिवाळीत बदलून प्लास्टिकचा बसवला होता. शेगडीतून गळणाऱ्या करंटला जमिनीत जायला वाटच नव्हती. तो पत्र्यात आणि त्या नळातच थांबला होता.

“अरे देवा, मी तर रोज तिथे भांडी धुते,” वैजयंतीताई म्हणाल्या.

दोन दिवस काम चाललं. मीटरपासून शेगडीला वेगळी जाड तार आली, तिचा स्वतःचा स्विच आला, करंट गळला तर आपोआप वीज तोडणारं यंत्र बसलं. परसात खड्डा खणून नवं अर्थिंग केलं. भाऊंनी मीटरनं सगळं मोजलं. मग मला आधी चालू सॉकेटमध्ये घालून मी शाबूत आहे ना ते पाहिलं आणि नंतर पत्र्याला टेकवलं. या वेळी अंधार करूनही मी पेटलो नाही.

मावशींनी बोट कुंकवात बुडवलं, पण त्या ते पुढे नेईनात. “तू आधी हात लाव,” त्या भाऊंना म्हणाल्या. भाऊंनी चप्पल काढली, ओल्या फरशीवर उभे राहिले आणि तळहात पत्र्यावर ठेवला. मगच स्वस्तिक निघालं.

मित्रांनो, तुम्ही मला हात लावू नका, ते जाणत्या माणसाचं काम. पण घरात नवं यंत्र आलं की मोठ्यांना विचारा, अर्थिंगची तार कुठे जाते ते कुणी डोळ्यांनी पाहिलंय का? कुणी चटकन ‘हो’ म्हणालं, तर म्हणा, चला, मलाही दाखवा.