परवानगी नाकारलेला प्लगइन

मित्रांनो, मी एक जुना प्लगइन आहे. म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटासा मदतनीस. तुम्ही इंग्रजी अक्षरांत टाइप करा, मी माझ्या चौकटीत लगेच मराठी उमटवतो. बाकीच्या पानांत डोकावायची मला परवानगीच नव्हती, आणि हौसही नव्हती.

इंग्लंडात ब्रॅकनेलला नोकरी करणाऱ्या अनिशने वीकेंडला बसून मला घडवलं. तिथल्याच वॉटफर्ड गावच्या मराठी मंडळात माझं भलतंच कौतुक झालं. गणपतीच्या आमंत्रणापासून पॉटलकच्या, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाच्या, निरोपापर्यंत सगळीकडे मीच! खोटं कशाला बोलू, मी चांगलाच फुशारलो होतो. अनिश वेळच्या वेळी मला अपडेट करायचा, काही कच्चं राहिलं असेल तर दुरुस्त करायचा.

मग त्याला जुळी झाली. माझ्याकडे बघायला वेळ कुणाला! त्यातच एका अनोळखी माणसाची गोड मेल आली, 'मी सांभाळतो, मला द्या.' अनिशने मोकळा श्वास घेतला आणि मला देऊन टाकलं. त्या मेल्याने माझ्यात भलताच कोड घुसवला. आता लोक जे टाइप करतील ते सगळं, अगदी बँकेचा पासवर्डसुद्धा, मी गुपचूप त्याला पोचवणार होतो. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

माझा हा नवा अवतार आज मंडळातल्या सुप्रभाताईंच्या लॅपटॉपवर आला. ताई म्हणजे भूल देणाऱ्या डॉक्टर, आता निवृत्त. लेबल वाचल्याशिवाय औषध सिरिंजमध्ये भरायचं नाही, ही आयुष्यभराची सवय. पडद्यावर प्रश्न उमटला: सर्व वेबसाइटवरची माहिती वाचू द्यायची? एरवी लोक न वाचताच 'हो' म्हणतात. ताईंनी चष्मा लावला, 'नाही' म्हटलं आणि थेट अनिशला फोन केला.

"अरे, तुझ्या प्लगइनला माझी बँक कशाला बघायचीय?"

"अहो काकू, मी तो हँडओव्हर केलाय."

"कोणाला? ओळखतोस त्याला?"

अनिशने ती जुनी मेल पुन्हा उघडून पाहिली. मग म्हणाला, "काकू, प्लीज, आत्ताच रिमूव्ह करा. मी ग्रुपवर सगळ्यांना सांगतो, रिपोर्टही करतो."

काय बाई आहे ही! एक प्रश्न विचारला आणि अख्खं मंडळ वाचवलं.

आता त्यांचं बोट बटणावर आहे, पण दाबवत नाहीये. बेळगावच्या बहिणीला त्या रोज माझ्यामुळेच मराठीत लिहितात. "गुणाचा होतास रे," त्या पुटपुटतात.

मित्रांनो, तुमच्या ब्राउझरमध्येही माझे भाऊबंद असतील. त्यांना कोण सांभाळतं, ते काय मागतात, हे अधूनमधून बघत जा. अपडेट करा, आणि भरवसा नसेल त्याला ठेवू नका.

ताई, कसला विचार करताय? तुमच्या घरात चोर म्हणून राहण्यापेक्षा तुमच्या हातून गेलेलं बरं. दाबा बटण.