ब्रश धुण्याचा मग

मी एक जुना पांढरा मग आहे. एनॅमलचा. काठाला निळी रेघ, बाजूला एक कान आणि बुडाशी नखाएवढा उडालेला टवका. पत्र्यावर पांढरा लेप चढवून आम्हाला भट्टीतून काढलं, तेव्हा आम्ही सहा भावंडं होतो. बाकीची पाच कुठे गेली, ठाऊक नाही. मला एका घरात चहासाठी आणलं. पण पहिल्याच महिन्यात कुणाच्या तरी हातून निसटलो, टवका उडाला आणि चहातून माझी हकालपट्टी झाली. त्या घरात दोन मुली होत्या. थोरलीचं म्हणणं पडलं, याला टाकून द्या. धाकटीने मला उचललं, पाणी भरलं आणि ब्रश बुडवला. मित्रांनो, त्या गोष्टीला आता पंचेचाळीस वर्षं झाली.

दोघी अजून एकाच घरात राहतात. थोरली कपडे शिवते, धाकटी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. घरात मोठी खिडकी एकच, म्हणून तिच्यापाशी अर्ध्या जागेत शिवणयंत्र आणि अर्ध्या जागेत धाकटीचं टेबल. यंत्र धडधडलं की माझ्यातलं पाणी थरथरतं. मला त्याची सवय झाली आहे.

धाकटीचा एक नेम होता. सकाळी कामाला लागण्याआधी ती हाताच्या पंजाएवढ्या कागदावर एक चित्र काढायची. ते कुणी मागितलेलं नसायचं. विषय तरी काय? दोरीवर वाळणारा एकच मोजा. संत्र्याची एका दमात सोललेली साल. समोरच्या भिंतीवरचा ओलीचा डाग, जो तिला झोपलेल्या म्हशीसारखा दिसे. एकदा तर केरसुणीची सावली. याला ती न्याहारी म्हणायची. "आधी न्याहारी, मग नोकरी," असं तिचं ठरलेलं वाक्य होतं. त्यातला 'मग' म्हणजे मीच, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

न्याहारी मनासारखी झाली की ती ब्रश माझ्या काठावर दोनदा टकटक वाजवायची. एवढंच माझं कौतुक, पण मला पुरायचं.

पुढे मात्र काहीतरी बिघडत गेलं. एकदम नाही, हळूहळू. आणि ते सगळ्यांच्या आधी मला कळलं, कारण रंग शेवटी माझ्याकडेच येतात. पूर्वी एक आकाश रंगवून झालं तरी माझं पाणी फिकट निळं असायचं. आता निम्म्या आकाशातच ते शाईसारखं होऊ लागलं. धाकटी निळ्यावर निळा चढवत होती आणि तरी तिचं समाधान होत नव्हतं. कागद पिवळट निघाला म्हणून ती दुकानदाराशी भांडून आली. मी कळकट झालो आहे असं वाटून तिने मला साबण लावून तीनतीनदा घासलं. मित्रांनो, मी स्वच्छ होतो. पण सांगणार कसं? मला कान आहे, तोंडही आहे, पण तोंडातून शब्द फुटत नाही.

मग एके दिवशी प्रकाशकाने तीन चित्रं परत पाठवली. सोबत चिठ्ठी होती. नदी, आकाश आणि मुलीचा फ्रॉक, सगळंच शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखं झालं आहे, पुन्हा करून द्यावं, अशी. माणूस भला होता, गमतीने लिहिलं होतं. पण धाकटीला ते लागलं. तिने ती चित्रं खिडकीत धरून पुन्हा पुन्हा पाहिली. तिला त्यात काहीच चुकलेलं दिसेना. आपल्याला चूकसुद्धा दिसत नाही म्हणजे आपल्यातलं संपलं, असं तिने मनाशी धरलं. बहिणीला मात्र तिने एवढंच सांगितलं की आता कंटाळा आला, पुष्कळ झाली चित्रं.

तिने ब्रश धुऊन, पुसून, जुन्या रुमालात गुंडाळून ठेवले. माझं पाणी मोरीत ओतलं. मी रिकामा दिसलो म्हणून थोरलीने माझ्यात सुटी बटणं भरली.

सहा महिने मी बटणं सांभाळली. काम वाईट नव्हतं, पण कोरडं होतं. सकाळची न्याहारी बंदच झाली. धाकटी खिडकीकडे पाठ करून भाजी निवडत बसे. थोरली अधूनमधून बोलून बघे, पण धाकटी विषय बदलायची. तेव्हा थोरलीलाही वाटू लागलं की वय झालं, दुसरं काय.

एका दुपारी थोरली गडद निळा कोट शिवत होती. तिचे दोन्ही हात कापडात अडकले होते. तिने धाकटीला माझ्यातून सहा निळी बटणं काढून द्यायला सांगितलं. धाकटीने मला टेबलावर उपडं केलं, नीट निरखून सहा बटणं वेचली आणि पुढे केली. थोरलीने त्यांच्याकडे पाहिलं. कापडातले तिचे हात थांबले.

"ही सगळी निळी आहेत?" तिने विचारलं.

"हो. का गं?"

"यातली चार काळी आहेत."

धाकटीला आधी ती थट्टा वाटली. थोरली उठली. तिने निळ्या आणि काळ्या दोऱ्याची रिळं आणली, खिडकीत शेजारी शेजारी ठेवली आणि यातलं निळं कुठलं ते विचारलं. धाकटीला सांगता येईना.

"ताई, मला वाटलं माझ्यातलंच सरलं," धाकटी म्हणाली.

"तुझ्यातलं काही सरलं नाही. तुझा डोळा बिघडलाय. चल, चप्पल घाल."

दवाखान्यात काय झालं ते मला थोरलीच्या तोंडून कळलं. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं सांगितलं. पिवळ्या काचेतून बघितल्यासारखं होतं, निळा मरतो, काळ्यात मिसळतो. हे ऐकून धाकटी आधी हसली आणि मग तिथेच खुर्चीत बसून रडली. रोग निघाला म्हणून इतकी खूश झालेली बाई आपण पाहिली नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या म्हणे.

एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दहा दिवस काम करायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, काळा चष्मा काढायचा नाही. धाकटी पलंगावर कंटाळून गेली. तेव्हा थोरली खिडकीत बसून तिला बाहेरचं सांगू लागली. चित्रातलं तिला ओ की ठो कळत नाही, म्हणून तिने आपल्याच भाषेत सांगितलं. आज आकाशाला इस्त्री नाही. समोरच्या झाडाची खालची फांदी उसवलीय. तो ढग बघ, नुसताच वरचा कपडा, आत अस्तर नाही. धाकटी पोट धरून हसायची आणि पुढचं विचारायची.

अकराव्या दिवशी धाकटी खिडकीशी आली. तिने जुना डोळा झाकून बाहेर पाहिलं, मग नवा झाकून पाहिलं. असं किती वेळा केलं, मी मोजलं नाही. मग तिने ती परत आलेली तीन चित्रं बाहेर काढली आणि कपाळाला हात लावला.

"अगं ताई, केवढी ही शाई! आणि त्या बिचाऱ्याने किती सौम्य चिठ्ठी लिहिली."

तिने माझ्यातली बटणं डब्यात ओतली, मला विसळलं आणि काठोकाठ पाणी भरलं. सहा महिन्यांनी पाणी अंगाला लागलं, तेव्हा मला काय वाटलं ते कसं सांगू? पहिलं चित्र तिने प्रकाशकासाठी काढलं नाही. तिने तो बिनअस्तराचा ढग काढला. थोरलीने चष्मा वर-खाली करून तो पाहिला, शिवण बरी जमलीय असं म्हणाली आणि टाचणी घेऊन आपल्या यंत्राच्या वर भिंतीला लावला. त्या दिवशी माझं पाणी फिकट निळं होतं, पूर्वी असायचं तसंच.

दुसऱ्या डोळ्याची तारीख धाकटीने आपण होऊन मागून घेतली आहे.

मित्रांनो, माझी एक लहानशी मागणी आहे. ब्रश आमच्यात उभे ठेवून जेवायला जाऊ नका, त्यांचे केस कायमचे वाकतात. आणि एक मोठी मागणी आहे. तुमच्या घरात कुणी आवडीचं काम हळूच बाजूला ठेवू लागलं, तर त्याला आळशी म्हणू नका, म्हातारं झालं म्हणून सोडूनही देऊ नका. जवळ जाऊन बसा आणि विचारा, "तुला कसं दिसतंय?"