वाकड्या टेबलाची गाडी

उभी राहिलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर म्हातारी होते. चाकं एकाच जागी दबून चपटी होतात, दारांच्या कडांचं रबर सुकून तडकतं, टाकीतल्या पाण्याला वास येतो आणि बॅटरी, कुणाला काही न सांगता, आतल्या आत विझत जाते. म्हणून बाई दर रविवारी सकाळी अंगणात उतरत. इंजिन सुरू करून ते तापेपर्यंत शेजारी उभ्या राहत. गाडी हातभर पुढे, हातभर मागे घेत, म्हणजे टायरची कूस बदलावी. रबरावर पावडर चोळत, फ्रिजच्या दारात कापडाची घडी सरकवत, आणि मग चालकाच्या शेजारच्या खुर्चीत थोडा वेळ नुसत्या बसत. समोर कंपाउंडची भिंत असे. भिंतीवर एक पिवळट डाग होता, आणि बाईंना तो कधी सरोवरासारखा तर कधी वाळवंटासारखा दिसे.

जन्मभर त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता. खडूने काढलेल्या किती नद्या त्यांनी तास संपल्यावर स्वतःच्याच हाताने पुसल्या, याला गणती नव्हती. मिस्त्री, म्हणजे त्यांचे यजमान, आधी लोकांच्या घरी फरश्या बसवत आणि पुढे त्यांनी फरश्यांचं मोठं दुकान थाटलं. बाई निवृत्त झाल्या त्या वर्षी मिस्त्रींनी दुकान विकून टाकलं आणि ही गाडी दारात आणून उभी केली. चाकांवरचा छोटा बंगलाच तो: चामड्याचा सोफा, काचेच्या दाराची न्हाणी, ओव्हन, आणि पलंगाच्या वर छताला एक चौकोनी काच, की निजल्या निजल्या आभाळ दिसावं. "पुसलेल्या नद्या आता बघून घे," असं मिस्त्री म्हणाले होते. काही वर्षं दोघं भरपूर हिंडले. मोठ्या गाडीचा परवाना बाईंनीही काढला. आळीपाळीने दोघं चालवत.

मग मिस्त्रींच्या कानातला तोल गेला. एका सकाळी उठले आणि खोली त्यांच्याभोवती फिरायला लागली. डॉक्टरांनी औषधं दिली, व्यायाम सांगितले आणि चालत्या वाहनात बसायला कायमची बंदी केली. घरात, भिंतीच्या आधाराने, मिस्त्री ठीक असत. गाडी मात्र तेव्हापासून अंगणात होती. बाईंच्या मनात एक ओढ होती, आणि ती त्यांनी चोरट्या प्रेमासारखी लपवली होती. नवऱ्याला सोडून एकटीने रस्त्याला लागावं, ही कल्पनाच त्यांना बेइमानी वाटे. आणि तरी ती रोज येई. भांडी घासताना येई, पडदे ओढताना येई.

"वहिनी, त्या गाडीला अंघोळ घालतेस तशी माझ्या भावाला घाल एकदा," गच्चीतून नणंद म्हणाली. ती वरच्या मजल्यावर राहत असे आणि खालच्या मजल्यावरचा संसार वरून चालवत असे.

"तुमचा भाऊ स्वतःची अंघोळ स्वतः करतो, ताई. गाडीला हात नाहीत."

"हात नाहीत, पण तुझं लक्ष आहे. त्याचं उलटं."

मिस्त्री घराच्या ओट्यावर खांब धरून उभे होते. ते हसले आणि मग सहज बोलावं तसं म्हणाले, "दुपारी एक जोडपं येतंय गाडी बघायला. मीच बोलावलंय."

बाईंच्या हातातलं फडकं थांबलं नाही. उलट ते जरा जोरात फिरू लागलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "काच पुसून ठेवते मग."

दुपारी जोडपं आलं. मुलगी दातांची डॉक्टर होती, तिचा नवरा पूल बांधणारा इंजिनीअर. मुलगी गाडीत शिरली. सोफ्यावरून तिने तळहात फिरवला, न्हाणीचं दार उघडून मिटलं, छताच्या काचेखाली उभी राहून वर पाहिलं. तो स्पर्श बाईंना ओळखीचा होता, आणि म्हणूनच तो त्यांना सहन होईना. मग त्या शिक्षिकेच्या आवाजात एकेक गोष्ट समजावू लागल्या.

"मुक्कामाला थांबलात की आधी गाडी समतल करायची. नाहीतर फ्रिज कुरकुरतो, न्हाणीतलं पाणी वाहून जात नाही, झोपही लागत नाही. आम्ही हे वापरायचो." त्यांनी कपाटातून काचेचा पसरट वाडगा काढला. आतून एक निळी रेघ ओढलेली होती. "टेबलावर ठेवायचा, रेघेपर्यंत पाणी भरायचं. मी इथे बसून सांगायची, डावीकडून उचला, अजून थोडं, आणि हे चाकाखाली फळ्या सरकवून गाडी चढवायचे. पाणी रेघेवर सगळीकडून टेकलं की मुक्काम झाला."

"पण हिला आपोआप समतल करणारे पाय आहेत ना?" इंजिनीअरने विचारलं. "बटण दिसतंय इथे."

"ते बिघडलेत," ओट्यावरून मिस्त्रींनी उत्तर दिलं. "पहिल्यापासून अंदाज चुकतो त्यांचा."

"दाबून बघू?"

त्याने बटण दाबलं. गाडीच्या पोटातून चार लोखंडी पाय खाली आले, जमिनीला टेकले, कण्हले, आणि गाडी आळस दिल्यासारखी हलून स्थिर झाली. बारीक शिट्टी वाजली. बाईंनी वाडग्यात पाणी ओतलं. पाणी एका बाजूला रेघेच्या वर चढलं, दुसऱ्या बाजूला रेघ उघडी पडली.

"बघा," बाई म्हणाल्या. "वाकडीच आहे."

इंजिनीअरने मोबाइलमध्ये पातळी मोजायचं अ‍ॅप उघडून तो आधी जमिनीवर ठेवला, मग ओव्हनशेजारच्या कपाटावर, मग पलंगाच्या लाकडावर. मग टेबलावर. त्याने पुन्हा एकदा सगळीकडे ठेवून पाहिला आणि अवघडून हसला.

"मावशी, गाडी सरळ आहे. टेबल वाकडं आहे."

"टेबल ह्यांनी बसवलंय," बाई म्हणाल्या. खिडकीतून पाणी गळून जुनं टेबल फुगलं होतं, म्हणून मिस्त्रींनी दुसऱ्या वर्षी हे नवं, स्वतःच्या हातांनी, जमिनीत बोल्ट मारून बसवलं होतं. "जन्मभर फरश्या बसवल्यात त्यांनी. त्यांच्या फरशीवरून गोटी घरंगळत नाही."

"असेलही. पण हे बोटभर उतरतंय. म्हणजे तुम्ही वाडग्यावरून गाडी लावायचात तेव्हा टेबल सरळ, आणि बाकीची सगळी गाडी कललेली."

मुलगी खुदकन हसली. गच्चीतली नणंदही हसली. तिला ऐकू सगळंच येत असे. बाईही हसू लागल्या, कारण गंमत होतीच: इतकी सरोवरं, इतके किनारे, आणि सगळे मुक्काम तिरपे. तेवढ्यात त्यांनी ओट्याकडे पाहिलं. मिस्त्री हसत नव्हते. खांब धरलेला त्यांचा हात पांढरा पडला होता.

बाईंनी पाहुण्यांना चहा दिला, कळवते म्हणाल्या, आणि फाटकापर्यंत सोडून आल्या. मग ओट्यावर मिस्त्रींशेजारी बसल्या. ऊन उतरलं होतं. खाली आलेले चार पाय तसेच रोवून गाडी समोर उभी होती, आणि आता ती बाईंना परकी दिसत होती.

"टेबल बसवताना पातळीची नळी वापरली नव्हती तुम्ही?"

"वापरली होती. नळी म्हणायची, वाकडं आहे. मी म्हटलं, नळीच खोटी. मला तसंच सरळ वाटत होतं."

"दुसऱ्या वर्षी?"

"दुसऱ्या वर्षी."

बाईंना त्या काळातली एकेक सकाळ आठवू लागली. पुलावर उतरून कठडा धरून उभे राहिलेले मिस्त्री. पित्त झालं म्हणून न जेवता पडून राहिलेले मिस्त्री. गाडीचे पाय बिघडलेत, दुरुस्तीला नको, फळ्याच बऱ्या, म्हणून हट्ट धरणारे मिस्त्री. खोली फिरायला लागली त्या सकाळी आजार आला नव्हता. तो किती आधीपासून त्यांच्याबरोबर प्रवास करत होता, आणि बाई वाडग्यातल्या पाण्याकडे बघत, अजून थोडं, अजून थोडं, म्हणत साऱ्या गाडीला त्याच्या कलाने झुकवत आल्या होत्या. पलंगावर मिस्त्री रोज घसरून बाईंच्या कुशीला येत. बाईंनी त्याला माया मानलं होतं.

"आणि ते रोज माझ्या अंगावर यायचात ते?"

"ते उतारामुळे."

"बरं झालं सांगितलंत."

"थोडं उतारामुळे," मिस्त्री म्हणाले.

बाईंनी पदराने डोळे टिपले. "सांगितलं का नाही कधी?"

"तू काचेला नाक लावून बसायचीस. काय सांगणार? गाडी वळव, घरी चल?" बोलताना त्यांना मान स्थिर ठेवावी लागे, म्हणून ते समोर बघूनच बोलत. "मी तुझ्यासाठी हललो, हलवत नव्हतं तरी. आता तू माझ्यासाठी थांबलीस, थांबवत नाही तरी. दोघंही शहाणे. म्हणून म्हटलं, गाडी विकून टाकू, म्हणजे तुझं त्या भिंतीकडे बघत बसणं तरी सुटेल."

"तुम्ही बघता?"

"ओट्यावर दुसरं काय आहे बघायला?"

बाईंनी भिंतीवरच्या पिवळट डागाकडे पाहिलं. मग मिस्त्री म्हणाले, "त्या पोरांना नाही म्हणून सांग. आणि तू जा. एकटी."

"आणि तुम्हाला कोण बघणार?"

"मी आहे," गच्चीतून आवाज आला. "तुझ्या लग्नाआधी तो काय रस्त्यावर पडला होता? आणि जाणार असशील तर लवकर जा, वहिनी. इथे बसून उसासे टाकतेस, ते वरपर्यंत येतात."

बाईंना वाटलं होतं, परवानगी मिळाली की मन पिसासारखं हलकं होईल. झालं उलटंच. टाकी भरताना, गॅसची नळी तपासताना, कपाटांच्या कड्या लावताना त्यांना घरातली एकेक वस्तू बोलावू लागली. निघायच्या सकाळी फाटकाबाहेर गाडी काढली आणि आरशात ओटा दिसला, तेव्हा ज्या ओढीला त्यांनी इतकं लपवलं होतं ती सरळ मागे वळून त्या ओट्याकडे धावली. ओढीला फक्त पलीकडचा काठ लागतो; काठ कुठला, याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

पहिल्या थांब्यावरून त्यांनी फोन केला. नदी सांगितली, नदीवरचा पूल सांगितला, पुलानंतर गोल गोल उतरणारा रस्ता सांगितला. मग पलीकडून नणंदेचा आवाज आला.

"अगं, काय सांगितलंस त्याला? भिंत धरून उभा आहे."

"रस्ता सांगत होते."

"सरळ सांगावा की जरा. हे घे, तोच बोलतोय."

"मी ठीक आहे," मिस्त्री म्हणाले. आवाज पडलेला होता. "फक्त वळणं नको सांगूस. बाकी सगळं सांग. झाडं सांग, पाणी सांग. वळणं आपल्याजवळ ठेव."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रस्त्यानेच बाईंना मदत केली. दोन्ही बाजूंना सपाट शेतं, मध्ये पट्टीने ओढल्यासारखी डांबराची रेघ. फोन चालू ठेवून बाई पाखरं सांगत होत्या, विहिरी सांगत होत्या, गवताचा रंग सांगत होत्या, आणि मिस्त्री तिकडून "पुढे?" म्हणत होते. त्या "पुढे"मध्ये इतकी भूक होती, की बाई गाडी आणखी हळू चालवू लागल्या.

मग डोंगर आला. बाईंनी पायथ्याशी गाडी थांबवली. घाट त्यांच्या डोळ्यांसमोर उभाच होता: कुणी दोरीचं भेंडोळं कड्यावर भिरकावून द्यावं तसा रस्ता वर वर गुंडाळत गेला होता आणि शेवटी ढगात शिरला होता. त्या ढगापलीकडे एक पठार आहे, हे त्यांनी वर्गामागून वर्गांना शिकवलं होतं.

"का थांबलीस?" फोनवर मिस्त्रींनी विचारलं.

"पाणी प्यायला."

"पुढे रस्ता कसा आहे?"

बाईंनी घाटाकडे पाहिलं. परतायला जागा होती. रुंद, सोयीची, गाडी सहज फिरली असती.

"सरळ आहे," त्या म्हणाल्या.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मिस्त्री बसले असावेत. दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले असावेत.

"मग जा," ते म्हणाले. "सावकाश जा. आणि फोन बंद करू नकोस."

बाईंनी फोन शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला आणि पहिल्या वळणाला गाडी घातली. झाडांबद्दल त्या बोलत राहिल्या, दरडीतून झिरपणाऱ्या पाण्याबद्दल बोलत राहिल्या. इंजिन मात्र प्रत्येक वळणावर आवाज बदलत होतं, चढाला घोगरं होत होतं, वळसा घेताना श्वास कोंडत होतं. तो आवाज जाणणारा माणूस दुसऱ्या टोकाला बसला आहे, हे बाईंना ठाऊक होतं. तिकडून एक शब्द आला नाही. फोनही ठेवला गेला नाही.