टाचेखालच्या दोन पट्ट्या

मिस्त्रीचं काम सांगायला सोपं होतं. बोटीमागे दोरी धरून पाण्यावरून घसरत जाणाऱ्या लोकांच्या स्की तो जुळवून द्यायचा. स्लालमची स्की एकच असते, एका माणसाएवढी लांब फळी, आणि दोन्ही पाय तिच्यावरच, एकामागे एक. बोट सरळ जाते. मागचा माणूस दोरीच्या टोकाला लोंबकळत या कडेचा बोया, त्या कडेचा बोया असे पाण्यावर तरंगणाऱ्या सहा बोयांना, म्हणजे रबरी चेंडूंना, वळसा घालत जातो. वीस सेकंदांचा सगळा खेळ. त्या वीस सेकंदांसाठी मिस्त्री दोन-दोन दिवस डोकं घालून बसायचा. बूट एक भोक पुढे घ्यायचा का, शेपटाखालचं पातं केसभर खाली सोडायचं का. केसभर म्हणजे खरोखर केसभर, कॅलिपर लावून मोजायचं.

तळ्याच्या काठाला पत्र्याची लांबट खोली होती. मधोमध टेबल, त्याला स्की आवळून धरायचा, जुनी सतरंजी गुंडाळलेला शेगडा, भिंतीला टांगलेले बूट. खोलीत रबराचा आणि डिंकाचा वास असायचा, आणि तो मिस्त्रीच्या कपड्यांबरोबर घरीही यायचा.

त्याची बायको तळ्यावर लोकांना शिकवायची. तिला सगळे मास्तरीण म्हणायचे. "हात ताठ, कोपरं बरगड्यांना, गुडघे सैल, आणि बोयाकडे बघायचं नाही. बोयाकडे बघाल तर बोयावर जाऊन आपटाल. त्याच्या पलीकडे बघा." एवढंच तिचं शास्त्र. तेवढ्यावर तिने निम्मं गाव पाण्यावर उभं केलं होतं.

स्वतः ती पट्टीची होती, पण पडायचीही. आणि ती पडली की मिस्त्रीचं एक ठरलेलं असायचं. ती काठाला लागायच्या आत तो म्हणायचा, "माझंच चुकलं. पातं जरा जास्त खोल ठेवलं." नाहीतर, "मागचा बूट मी सैल बांधला गं." शंभरातल्या नव्वद वेळा पातंही बरोबर असायचं आणि बूटही. तिलाही ते ठाऊक होतं. ती लोकांसमोर हसून म्हणायची, "नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणतात. मला तर नवराच असा मिळालाय की मी पडायच्या आधी अंगण वाकडं करून ठेवतो."

वीस वर्षं हे चाललं. लग्नानंतरची पहिली भांडणंसुद्धा त्यावर मिटली होती.

मग दुखणं आलं. आधी छातीत होतं, ते काढलं, मग हाडांत उतरलं. औषधाच्या दोन फेऱ्या झाल्या. केस गेले, परत थोडे आले. तिसरी फेरी घ्यायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "नको."

"डॉक्टर म्हणतात, घेतली तर वर्ष-दोन वर्षं मिळतील," मिस्त्री म्हणाला.

"मिळतील का मिळू शकतील?"

"मिळू शकतील."

"मग नीट सांगा ना. आणि ते वर्ष मी कुठे काढणार? बादली जवळ घेऊन पलंगावर. नको मला."

आठवडाभर घरात तेच. तो मागे लागायचा, ती कूस बदलायची. शेवटी एका दुपारी ती स्वयंपाकघरात भाजी निवडत बसली होती, आणि तिचा धाकटा भाऊ आला होता. हा भाऊ तळ्यावर बोट चालवायचा. मिस्त्रीने पुन्हा विषय काढला तशी तिने सुरी खाली ठेवली.

"एक काम करू. रविवारी मला पाण्यावर न्या. सहाच्या सहा बोये वळले तर सोमवारी तुमच्याबरोबर दवाखान्यात येते, तोंडातून ब्र काढणार नाही. नाही वळले, तर यापुढे तुम्ही हा विषय काढायचा नाही. मेले तरी नाही."

"ताई, काहीतरीच काय!" भाऊ म्हणाला. "हे काय पैज लावायचं काम आहे का?"

"पैज नाही रे. मला बघायचंय या अंगात अजून काही उरलंय का. उरलं असेल तर त्याला औषध पाजते. रिकाम्या पिंपाला काय पाजायचं?"

"आणि पडलीस तर?"

"पडले तर पडले. दाजी आहेत ना तुझे, त्यांचंच काहीतरी चुकलेलं असेल."

भाऊ हसला. मिस्त्रीही हसला. त्याने मनातल्या मनात हिशोब केला होता. बोटीचा वेग कमी ठेवला, दोरी लांब ठेवली, तर सहा बोये ती झोपेतही वळेल. तो लगेच म्हणाला, "कबूल."

शनिवारी सकाळी तो तिची स्की घेऊन बसला. तिला खुर्चीवर बसवून बूट चढवून पाहिले, तर पाय आत हलत होता. तिच्या पोटऱ्या उतरल्या होत्या, टाचेमागे बोट जात होतं. त्याने बुटात मऊ फोम कापून बसवला. वजन बावीस किलो उतरलं होतं, म्हणजे शेपूट आता पाण्यात बसणार नाही, वर तरंगणार. बूट एक भोक मागे घेतले. पातं थोडं वर घेतलं. तिने एकदा गुडघे वाकवून पाहिले आणि म्हणाली, "घट्ट आहे. छान आहे. लग्नातल्या चपला अशा असत्या तर किती बरं झालं असतं." मग ती घरी जाऊन झोपली.

आता राहिल्या होत्या पट्ट्या. तिच्या स्कीवर दोन्ही बूट एकाच पातळ पाटीवर होते, आणि ती पाटी स्कीला एका चिवट, खडबडीत पट्टीच्या तुकड्यांनी चिकटवलेली असायची. जोराने पडलं की पाटी बुटांसकट उखडते आणि दोन्ही पाय एकदम सुटतात. एक पाय सुटला आणि एक अडकला, तर तो मोडलाच म्हणून समजा. दोन्ही सुटावेत, नाहीतर एकही सुटू नये, हा या धंद्यातला पहिला नियम. तिला सहा तुकडे लागायचे. चार पुढे, दोन टाचेखाली. सहा असले की साध्या धक्क्याने पाटी हलायची नाही.

पाटी हातात घेऊन मिस्त्री बसून राहिला. डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावून सांगितलं होतं की खुब्याचं हाड पोखरलंय, पडू द्यायचं नाही. ती पडली आणि पाटी सुटायला क्षणभर उशीर झाला, तर ती एवढी लांब फळी तिच्या पायाला पीळ देणार. मग खुबा. मग पलंग. मग तो तिला कुठली फेरी देणार होता?

त्याने टाचेखालच्या दोन पट्ट्या काढल्या.

तिला सांगितलं नाही. का नाही, तर पायाखालच्या गोष्टीवर शंका आली की माणूस दोरीला अंग देत नाही. भीत भीत उभं राहतो आणि हमखास पडतो. हे तो सगळ्यांना सांगायचा. आणि वेग एवढा कमी असणार की चार पट्ट्या पुरतील, असं त्याने स्वतःला सांगितलं. काढलेले तुकडे टेबलाखालच्या डब्यात टाकले.

रविवारी पाणी आरशासारखं होतं. भावाने बोट सुरू केली. मिस्त्री मागे तोंड करून बसला. मागच्या माणसावर नजर ठेवायला कुणीतरी तसं बसावंच लागतं. ती पाण्यात गुडघे छातीशी घेऊन, स्कीचं टोक वर काढून थांबली होती. ओठ निळे पडले होते.

"सोड!" ती ओरडली.

पहिल्याच ओढीला ती उभी राहिली. हात ताठ, कोपरं बरगड्यांना. हाडांचा सापळा झाला होता, पण उभं राहणं तेच. सुरुवातीच्या दोन बोयांच्या फाटकातून ती आत शिरली, अंग मागे टाकलं आणि पलीकडे गेली. पहिला बोया. पाण्याचा पंखा उडाला. दुसरा. तिसरा. ती हसत होती, हे त्याला स्पष्ट दिसलं. चौथा. तोही असा वळला की बघत राहावं.

पाचव्याकडे जाताना बोटीमागची लाट ओलांडायची होती. तिथे स्की जराशी उडाली, नाक खाली गेलं, टाच वर ओढली गेली. एवढंच. असं तिचं हजार वेळा झालं असेल. गुडघ्यात घेऊन ती पुढे निघून जायची, बघणाऱ्याला कळतही नसे. या वेळी पाटी टाचेकडून उखडली. स्की मागे राहिली, आणि ती दोन्ही पाय बुटात असतानाच पुढे पाण्यात गेली.

भावाने बोट वळवली. ती पाण्यावर पाठीवर पडून आकाशाकडे बघत होती.

"लागलं का? खुबा?" मिस्त्री ओरडला.

"कुठे काही नाही. चार झाले," ती म्हणाली. मग बोटीत ओढून घेतल्यावर, दम खात, "कमरेतून मोडले मी. पाय राहिलाच नाही खाली. लाट एवढीशी होती."

"ताई, पुन्हा एकदा जायचं? पाणी मस्त आहे," भाऊ म्हणाला.

"नको रे. अंगात नाही." तिने टॉवेल ओढून घेतला. "झालं. कळलं ते बरं झालं."

मिस्त्रीने तिचे बूट उतरवून पाटी बाजूला ठेवली आणि मागे राहिलेली स्की बोटीत ओढली. भावासमोर कसं सांगायचं, म्हणून त्याने ते काठावर गेल्यावर सांगायचं ठरवलं. काठाला लागल्यावर ती कपडे बदलायला गेली आणि तो स्की आणि पाटी घेऊन खोलीत आला. पाटी सुटली की ती पुसायची, जुन्या पट्ट्या उपटायच्या, नव्या सहा लावायच्या आणि पाटी दाबून बसवायची. वीस वर्षांची सवय. डोकं दुसरीकडे होतं, काय सांगू, कसं सांगू. हात आपले काम करत राहिले.

ती आली, डोक्याला टॉवेल लावून, आणि खुर्चीवर बसली.

"अगं," तो म्हणाला, "तू मोडली नाहीस. चूक माझी आहे. टाचेखालच्या दोन पट्ट्या मी काढल्या होत्या."

ती हसू लागली. इतकी हसली की तिला खोकला आला.

"झालं का अंगण वाकडं?"

"खरं सांगतोय मी!"

"तुम्ही नेहमी खरंच सांगता."

"देवाशपथ. डॉक्टर म्हणाले होते, खुबा जाईल. म्हणून मी—"

"आणा बघू इकडे." तिने पाटीची कड उचकटून उलटी केली आणि बोट ठेवत मोजलं. "सहा."

"आत्ता लावल्या!"

"आत्ता!"

त्याने टेबलाखालचा डबा ओढला आणि जमिनीवर पालथा केला. कित्येक महिन्यांचे तुकडे होते त्यात, सगळे काळे, सगळे सारखे, दोनशे तरी असतील. तो गुडघ्यांवर बसून त्यात हात फिरवू लागला. यातले कुठले दोन, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"अहो, उठा," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "उठा ना. असं नका करू. मला सोमवारी न्यायला तुम्ही काहीही बोलाल, कळतं का मला? पण शब्द दिलाय तुम्ही."

"मग उद्या पुन्हा जाऊ. सहा पट्ट्यांवर. मी काही करणार नाही."

"उद्या मला उभं राहता येणार नाही. बघा हात." तिने हात पुढे केला. बोटं मुठीत वळत नव्हती. "जे होतं ते आज काढलं सगळं."

सोमवारी अकरा वाजता दवाखान्यातून फोन आला. मिस्त्रीने उचलला. नर्स म्हणाली, खाट तयार आहे, किती वाजता येताय. ती समोरच उशीला टेकून बसली होती. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, नाही.

"येत नाही आहोत," तो म्हणाला.

"मग पुढची तारीख देऊ का?"

"नको."

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "शहाणे आहात. दुसरा कोणी असता तर मला फरफटत नेलं असतं." आणि तिने त्याचा हात धरून ठेवला, बराच वेळ.

त्याने त्यानंतर दोनदा सांगून पाहिलं. पहिल्या वेळी तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला. दुसऱ्या वेळी तिला ऐकू येत होतं की नाही, कोण जाणे. अकराव्या आठवड्यात ती गेली.

महिन्याभराने भाऊ पत्र्याच्या खोलीत येऊन बसला. बोलायला कोणी नव्हतं म्हणून, किंवा सांगितल्याशिवाय राहवेना म्हणून, मिस्त्रीने त्याला सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, पट्ट्या कधी काढल्या, परत कधी लावल्या. काही लपवलं नाही. भावाने शिव्या द्याव्यात, कॉलर धरावी, असं त्याला वाटत होतं.

भावाचे डोळे भरून आले. त्याने मिस्त्रीच्या पाठीवर हात ठेवला.

"दाजी, पुरे आता. ती गेली तरी तिच्यासाठी हे करताय तुम्ही? मी बोटीच्या आरशातून बघत होतो ना. ताई दमली होती. तुमचा काही दोष नाही." तो उठला, दाराशी थांबला. "तुम्ही तिचं ऐकलंत म्हणून ती मनासारखी गेली. एवढं कोण करतं हो बायकोसाठी? मी सगळ्यांना सांगतो."

बाहेर बोट सुरू झाली. कोणीतरी नवीन शिकणारा पाण्यात उतरून वाट बघत होता.