मुळा खारा झाला

आता सिंदेवाहीच्या रिनाचंच घ्या ना. त्या दिवशी सकाळी आईनं आपल्या तोंडानं मुळ्याचं लोणचं मागतलं, तं पोरगी मुळे उपटाले वाडीकडं अशी पळाली का पायात चप्पल घालाचीही शुद्ध नाई. कारण आई, सत्यशीलाबाई, नागपूरवरून कॅन्सरची दवाई चढवून आली तेव्हापासून घासच घेत नव्हती. सगळं मातीवानी लागते म्हणे. अन् डॉक्टरनं साफ सांगतलं होतं, जेवण गेलं नाई तं पुढची दवाई देता येणार नाई.

बरं, ही सत्यशीलाबाई म्हणजे कोण? धान कापाले गेलेल्या बाया बांधीवर डबे सोडत, तं पहिले आपापल्या लोणच्यातली एकेक फोड हिच्या हातावर ठेवत. हिनं खारं म्हणलं का ते खारंच. अन् रिनाच्या हातचं तं तिले दरवेळी खारंच लागे.

तं रिनानं मुळ्याच्या पातळ चकत्या केल्या, मीठ लावून ठेवल्या, पाणी सुटलं तसं पिळून काढलं. आईचं तोंड आलेलं, झोंबेल म्हणून दोनदा साध्या पाण्यात धुतल्या. लिंबू पिळलं, मोहरी-हळदीची फोडणी थंडी करून वर टाकली. मीठ शेवटी चिमटीभर टाकू म्हणे. तेवढ्यात ऊर्जानगरवरून भावाचा, प्रफुलचा फोन, आई जेवली का, आई जेवली का. वाढूनच राह्यली म्हणे, अन् तशीच वाटी घेऊन गेली आत.

आईनं एक फोड चावली. चावतच राह्यली. मग म्हणे, "खारं झालं व पोरी."

झालं! रिना अंगणात धावली. बाबा, बापूराव, गाईले कुटार टाकून राह्यले होते. त्याईचा हात धरून सांगे, आईले चव आली बाबा, मले बोलली ती. बाबा तं तिथंच खाली बसले. मग डोळे पुसून प्रफुलले फोन लावला.

रिना स्वयंपाकखोलीत आली, भांड्याले चिकटलेली एक चकती तोंडात टाकली, अन् थांबली. दुसरी टाकली. मिठाचा कणही नाई.

मिठाचा डबा घेऊन ती आत गेली. आईनं डब्याकडं पाह्यलं, अन् समजली. बाहेर बाबा फोनवर हसून राह्यले होते.

"त्याईले सांगू नको," आई म्हणे. "मले काईच लागत नाई व. पण गिळता येते. भात आण."

रिनानं मऊ भात आणला, वर मुळा ठेवला. आई घास घेई, डोळे मिटे, पाण्यासंगं खाली लोटे. रिना समोर बसून पाहत होती. बाहेरून बाबानं आवाज देल्ला, "काय म्हणते व? अजून खारंच का?"

आईच्या तोंडात घास होता. रिनाच म्हणे, "हो बाबा. भलतंच खारं झालं."