रामरावांचा बैल नेमका कोणता

मानवजातीला छळणारे सगळे मूलभूत प्रश्न आमच्या गावात दर रविवारी संध्याकाळी सुटतात. नळाला पाणी आलं तर मात्र पुढच्या रविवारी.

गाव वडनेर भोलजीच्या अलीकडे, हायवेपासून जरा आत. वर्तमानपत्रात लोकांच्या खोड्या काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झालो, इथे परतलो आणि ग्रामपंचायतीच्या सभागृहात तत्त्वज्ञानाचा वर्ग काढला. ‘तत्त्वज्ञान’ असा फलक लावला तेव्हा कोणी फिरकलं नाही. ‘पिक्चर आणि चित्रं’ असा लावला तेव्हा बसायला जागा पुरली नाही. वर्गाची खरी मालकीण मंजुश्री. शाळेत शिकवते, चित्रं काढते. तिने एकाच दगडावर उभं राहून वर्षभर आमच्या नदीचं मोबाइलवर शूटिंग केलं आणि त्याची छोटीशी फिल्म केली. प्रश्न असा, की पाणी सारखं बदलतं, तर नदी तीच कशी? चर्चा रंगात आली होती. पण फिल्ममध्ये उन्हाळा आला, नदीतून एक ट्रॅक्टर गेला आणि तो कोणाचा यावर उरलेला वर्ग संपला.

मग तिने मुलांसाठी चित्रांचं पुस्तक केलं. लहानपणी बुद्धविहारात तिने रथाची एक जुनी गोष्ट ऐकली होती, ती तिने बैलगाडीवर बेतली. पहिल्या पानावर अख्खी गाडी. पुढच्या पानावर चाकं गेली, मग जू गेलं, मग आख. शेवटच्या पानावर नुसता रस्ता आणि खाली ओळ : गाडी कोणत्या पानावर संपली? मुलांनी धडाधड पानं सांगितली. मागे म्हाताऱ्या तानुबाई बसल्या होत्या. जाताना पुस्तक तेवढं मागून घेऊन गेल्या.

त्याचं कारण मला तान्ह्या पोळ्याला कळलं. हा सण मूळचा नागपूरकडचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी बैल सजवून मिरवतात. आमच्या गावात तो तिकडच्या एका सुनेबरोबर आला आणि तिच्या आधी रुळला. नियम मात्र आमचे. गावातला जो सगळ्यांत जुना लाकडी बैल असेल, तोरणाखालून पहिलं जाण्याचा मान त्याचा. हा मान कायम तानुबाईंच्या बैलाला. त्यांचे मालक रामराव यांनी पोरगा रांगत होता तेव्हा तो स्वतः कोरलेला. पुढे रामराव गेले, पोरगा पुण्याला गेला, बैल घरी राहिला. त्याचं कधी शिंग तुटायचं, कधी पाय. तानुबाई सुताराकडून नवं बसवून घ्यायच्या. यंदा उन्हाळ्यात डोक्यापासून धडापर्यंत भेग पडली, तेही बदललं.

आणि यंदाच त्यांच्या धाकट्या जाऊबाई, गोजरबाई, स्वतःचा बैल घेऊन आल्या. काळपट, खिळे मारलेला, डावा डोळा पुसून गेलेला. इतक्या वर्षांत तानुबाईंनी उकिरड्यावर टाकलेला तुकडा न् तुकडा त्यांनी उचलून ठेवला होता. धडाची वाट पाहत होत्या, ते मिळाल्याबरोबर बैल उभा केला. रामरावांच्या हातचं लाकूड सगळं इकडे, म्हणून मान आपला, असं त्यांचं म्हणणं. तिकडचा बैल सुताराचा.

गाव माझ्याकडे वळलं. निवृत्त माणसाच्या आयुष्यात असा दिवस वारंवार येत नाही. मी तोरणाखाली उभा राहिलो आणि सांगितलं, की एका जहाजाची फळी न् फळी बदलली तर जहाज तेच का, हा प्रश्न ग्रीकांच्या काळापासून चालू आहे. सरपंचांनी विचारलं, निकाल कोणाच्या बाजूनं लागला? मी म्हटलं, अजून तारखा पडताहेत. सरपंचांनी मान डोलावली. कोर्टाचा अनुभव त्यांना होता.

दोन्ही बाजू मी सविस्तर मांडत होतो. लाकूड महत्त्वाचं की सलगता, वस्तू की तिची आठवण. मंजुश्री मला थांबायची खूण करत होती, ती मी दाद समजलो. तेवढ्यात तानुबाई म्हणाल्या, “भाऊ, मले एकच सांगा. काल म्या ह्या बैलाले पुरणाची पोळी दाखवली. ते आमच्या मालकाच्या बैलाले दाखवली, का भलत्याच?”

ग्रीकांनी यावर काही लिहून ठेवलेलं नाही. मी चष्मा पुसायला घेतला.

तानुबाई उठल्या आणि गोजरबाईंच्या बैलापाशी जाऊन बसल्या. त्याच्या वशिंडावर पटाशीचे वेडेवाकडे वार होते, त्यांवरून बोट फिरवत राहिल्या. रामरावांचा हात सुतारकामात बराच कच्चा होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मग त्यांनी विचारलं, “हे उचललं काऊन व तू?”

“भाऊजीच्या हातचं व्हतं,” गोजरबाई म्हणाल्या. “तुमाले फेकू वाटलं. मले नाही वाटलं.”

आता भांडण पेटणार, अशी पुढच्या रांगेला आशा होती.

तानुबाई आपल्या बैलाकडे वळल्या, मग त्या काळपट बैलाकडे. मालक दुसरा कोरतो, दुसरा कोरतो म्हणत राहिले न् तसेच गेले, असं त्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या. मग मोठ्यानं म्हणाल्या, “एकट्या बैलानं वखर चालते काय कुठं? आण तो इकडं. जोडी लाव.”

सगळ्या गावाच्या तोंडून होकाराचं ‘हाव’ निघालं. बैल मोजायचा तर जोडीनं, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. मला मात्र सांगावं लागलं.

पुढचा पेच लगेच आला. उजव्या अंगाला कोण? तो मानाचा. गोजरबाईंनी तोंड उघडायच्या आत तानुबाई म्हणाल्या, “तुहा उजव्या अंगाले लाव. डावा डोळा नाही त्याले. डावीकडं बांधला तं नालीत जाईन.”

गोजरबाई पदर तोंडाला लावून हसल्या. दोघींनी एकेक दोरी हाती घेतली. वाजंत्री लागली.

आता दोन हजार वर्षांच्या त्या प्रश्नाला आपल्या गावानं कोणतं उत्तर दिलं, हे शब्दांत मांडणं माझं कर्तव्य होतं. मी घसा साफ केला, हात वर केला.

“भाऊ,” तानुबाई म्हणाल्या, “जरा बाजूले सरका. बैलं जाऊ द्या.”